चार दिवसांचे कोकण : काय पाहावे, काय गाळावे

नाताळची सुट्टी जवळ येऊ लागली, आणि यंदा कोकणच्या किनाऱ्याने आपल्याच मोटारीतून सावकाश हिंडून यावे असा विषय दादरच्या एखाद्या घरात निघाला, की पहिली संध्याकाळ मोठ्या उत्साहात जाते आणि पुढचा सबंध आठवडा यादीच्या वादात जातो. आजींना गुहागरच्या व्याडेश्वराचे दर्शन हवे असते, कारण ते कुलदैवत, वडिलांना जंजिरा आणि विजयदुर्ग यांपैकी एकही सोडवत नाही, मुलांना तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारून मासे पाहावयाचे असतात, आईचे म्हणणे एवढेच, की कुठेही न्या, पण रोज पहाटे पाचला उठवू नका, आणि या सर्वांवर कडी म्हणजे हिंदू कॉलनीतले मामा दूरध्वनीवरून बजावतात, "अरे, पावसला स्वामींच्या समाधीवर डोके न टेकवता परत आलात, तर कोकणात जाऊन केलेत काय?" बघता बघता यादी वीस स्थळांवर जाते. हातात दिवस चार असतात, आणि त्या चारांतील पहिला व शेवटचा हे बव्हंशी रस्त्याच्याच खाती जमा व्हावयाचे असतात, याची आठवण ज्याच्या हाती मोटारीचे चाक असते त्याच्याखेरीज कोणालाच राहत नाही. अशा प्रसंगी निवड कोणत्या तत्त्वावर करावी, आणि जे गाळावयाचे ते कशाच्या आधाराने गाळावे, याचा थोडा तपशीलवार विचार येथे करावयाचा आहे.

पहिला विचार भूमीच्या रचनेचा. पनवेलहून निघून महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, कणकवली, कुडाळ असा गोव्याकडे उतरणारा मुंबई-गोवा महामार्ग कोकणातून जातो खरा, परंतु तो समुद्राच्या काठाने जात नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी सलगी राखून तो आतल्या आत चालतो आणि किनारा पश्चिमेकडे दूर राहतो. माणगावहून श्रीवर्धनला, खेडहून दापोलीला, चिपळूणहून गुहागरला, हातखंब्याहून रत्नागिरीला, कणकवलीहून मालवणला असे फाटे महामार्गातून फणीच्या दात्यांप्रमाणे समुद्राकडे गेलेले आहेत, आणि आपल्या यादीतील बहुतेक स्थळे या दात्यांच्या टोकांवर बसलेली आहेत. रत्नागिरीचा फाटा तेवढा आखूड. बाकीच्यांपैकी कोणताही एक धरून समुद्रापर्यंत जावे, तेथे तास-दोन तास घालवावे आणि पुन्हा महामार्गावर यावे, तर अर्ध्या दिवसाचा निकाल लागतो. नकाशावर वीतभर अंतरावर दिसणारी दोन गावे प्रत्यक्षात घाटाची वळणे, अरुंद रस्ते आणि बाजाराचे दिवस यांमुळे परस्परांपासून किती दूर आहेत, हे किलोमीटरांच्या आकड्यांवरून कळत नाही. आतल्या रस्त्यांवर ताशी तीस किलोमीटरांचा हिशेब धरावा, आणि त्याहून लवकर पोहोचल्यास तो देवाचा प्रसाद समजावा.

ही अडचण पूर्वीच्या पिढ्यांना नव्हती, किंवा निराळ्या स्वरूपाची होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जात, आणि पावसाळ्याचे महिने वगळता लालबाग-परळच्या गिरण्यांतील चाकरमानी याच मार्गाने आपापल्या गावी पोहोचत. त्या काळी बंदर हेच कोकणाचे प्रवेशद्वार होते, आणि खेड, कणकवली ही गावे आतली. आगबोटी थांबल्या, रस्ता प्रमुख झाला, १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला, आणि मुलखाचे तोंडच फिरले; ज्या दाभोळला एके काळी दूरदेशीची गलबते लागत, ते आज महामार्गावरून वाट वाकडी केल्याशिवाय न दिसणारे गाव झाले. म्हणून आजच्या मोटारप्रवाशाने प्रथम ठरवावयाचे ते हे, की आपण महामार्गाचे प्रवासी व्हावयाचे की किनाऱ्याचे. कारण दोन्हींचा हव्यास धरणाऱ्याचा सगळा वेळ फाट्यांवर जाण्यायेण्यात खर्ची पडतो.

किनाऱ्याचे व्हावयाचे ठरले, तर मार्गात खाड्या आडव्या येतात. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राला लागून एक सलग सागरी मार्ग असावा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी निगडित आहे. परंतु मोठ्या खाड्यांवरील पुलांचे काम दीर्घकाळ रेंगाळले, आणि ती उणीव मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटींनी भरून काढली. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या चार फेऱ्या ज्याला ठाऊक आहेत, त्याला किनाऱ्याचा प्रवास साधला असे समजावे. दाभोळहून समोरचे धोपावे डोळ्यांना दिसत असते. पण वाशिष्ठीच्या त्या मुखाला वळसा घालून दापोली, खेड, चिपळूण या मार्गाने गुहागरला जाऊ गेल्यास शंभर किलोमीटरांहून अधिक मजल पडते. बोट लागते, लोखंडी फळी धक्क्यावर आदळते, मोटारी एकामागून एक आत घेऊन चाकांमागे ठोकळे सरकवले जातात, मासळीच्या टोपल्या सांभाळीत बाया कडेला बसतात, आणि गप्पांचा विषय पुरता रंगात येण्यापूर्वीच पैलतीर येतो. मात्र सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर मोटारींची रांग लागते, आणि रात्रीची शेवटची फेरी कोणासाठी थांबत नाही. म्हणून दिवसाचा क्रम ठरविताना फेरीची वेळ आधी लिहावी आणि स्थळे तिच्या अलीकडे-पलीकडे बसवावी.

फेरीहून अधिक कडक शिस्त भरती-ओहोटीची. अलिबागचा कुलाबा किल्ला पूर्ण ओहोटीला पायी गाठता येतो आणि भरतीला होडीखेरीज गत्यंतर नसते. हरिहरेश्वराच्या डोंगराची प्रदक्षिणा, जिच्यात लाटांनी खडकांवर कोरलेली विलक्षण नक्षी पायांखाली येते, ती तर ओहोटीखेरीज करूच नये, आणि तेथे अविचाराने उतरलेल्या कित्येकांनी प्राण गमावलेले आहेत. ही वेळ काढण्याची कोळ्यांची रीत इतकी सोपी आहे, की तिच्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेखेरीज काही लागत नाही. त्या दिवशीची तिथी पाहावी आणि तिचा आकडा पाऊणपट करावा. जो अंक येईल ती पूर्ण भरतीची अदमासे वेळ, आणि तिच्यापासून सव्वासहा तासांच्या अंतराने ओहोटी. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नवाच्या; अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास; पौर्णिमा-अमावास्येला भरती मध्यान्हीच्या थोडी आधी आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळच्या सहाच्या आगेमागे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी फार चढते व फार उतरते. अष्टमीच्या भांगाला ते तितके हलत नाही. हा केवळ अंदाज, आणि शेवटचा शब्द तेथल्या कोळ्याचाच मानावा. पण कुलाब्याला पायी जाऊन राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ पाहण्याची इच्छा ज्या कुटुंबाला आहे, त्याने तो शनिवार निवडण्यापूर्वी तिथी पाहिली, तर निम्मी निवड तेथेच होऊन जाते.

ऋतूचाही असाच अधिकार आहे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांना हाताशी धरून त्यांच्या रक्षणाचे काम आरंभिले, आणि आता पिल्ले समुद्राकडे सोडण्याचा सोहळा पाहावयास माणसे लांबून येतात. परंतु पिल्ले बाहेर येण्याचा काळ साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल. नाताळात वेळास गाठणाऱ्याला किनारा सुरेख दिसेल, कासवाचे पिल्लू दिसण्याचा संभव मात्र थोडा. सिंधुदुर्गाच्या आणि जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. उलट, धबधबे आणि हिरवे सडे पाहावयाचे तर तेच दिवस. जे स्थळ या हंगामात आपले मुख्य रूपच दाखवू शकत नाही, ते कितीही प्रसिद्ध असले तरी यादीतून निःशंकपणे काढावे.

भूमी, फेरी, भरती आणि ऋतू यांनी आपापला वाटा उचलल्यावर वीसांपैकी दहा-बारा स्थळे उरतात. येथून पुढची निवड मनाची आहे, आणि ती करण्याचा समाधानकारक मार्ग म्हणजे प्रवासाला एक सूत्र देणे. एका दिवसात देऊळ, किल्ला, समुद्रस्नान, स्मारक आणि बाग असे पाच प्रकार कोंबले, तर रात्री मुक्कामावर पोहोचताना पाचही एकमेकांत मिसळून जातात. तेच चार दिवसांत परस्परांशी नाते सांगणारी पाच-सहा स्थळे पाहिली, तर प्रत्येक स्थळ पुढच्याचा अर्थ वाढवीत जाते.

समजा, सूत्र जलदुर्गांचे घेतले. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार कोकणकिनाऱ्यावरचे आहेत. हे वाचून चारही एका दमात पाहण्याचा मोह होतो. पण खांदेरी अलिबागजवळच्या थळसमोर आणि सिंधुदुर्ग मालवणसमोर, म्हणजे किनाऱ्याच्या जवळजवळ दोन टोकांना. शिवाय त्यांच्या सुगमतेत महदंतर आहे. विजयदुर्गाच्या दरवाज्यापर्यंत मोटार जाते, आणि १७५६ साली ज्याच्या पाडावाबरोबर तुळाजी आंग्र्यांचे आरमार आगीत गेले, त्या किल्ल्याची तिहेरी तटबंदी म्हाताऱ्या माणसालाही सावकाश पाहता येते. सिंधुदुर्गाला मालवणहून थोडक्या वेळाची होडी पुरते, आणि १६६४ साली ज्याच्या बांधकामाचा आरंभ झाला, त्या दुर्गात राजाराम महाराजांच्या काळचे शिवरायांचे मंदिर आजही पूजेत आहे. सुवर्णदुर्गावर उतरणे मात्र समुद्राच्या आणि होडीवाल्याच्या मर्जीवर. जंजिरा या १२ किल्ल्यांत नाही, कारण तो सिद्द्यांचा. परंतु अखेरपर्यंत अजिंक्य राहिलेला तो दुर्ग आणि त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग ही जोडी एकत्र पाहण्यात इतिहासाचे जे शिक्षण आहे ते अन्यत्र दुर्मिळ. सुट्टीत राजपुरीच्या धक्क्यावर होडीची वाट पाहण्यात सकाळ जाते, एवढे ध्यानी ठेवून त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये.

दुसरे सूत्र माणसांचे, आणि दादरकराला ते विशेष जवळचे वाटावे. चैत्यभूमीला आणि हिंदू कॉलनीतील राजगृहाला वंदन करणाऱ्याने महाडचे चवदार तळे, जेथे २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला, आणि मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, ही दोन ठिकाणे एका वाटेवर घ्यावी. शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या भागोजी कीर यांच्याच औदार्यातून रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, सर्व जातींना समान प्रवेश असावा या सावरकरांच्या संकल्पाप्रमाणे. मध्यरात्री दादरहून सावंतवाडीकडे सुटणाऱ्या गाडीला २०१७ साली तुतारी एक्स्प्रेस हे नाव मिळाले. ज्या 'तुतारी' कवितेवरून हे नाव आले, तिचे कर्ते केशवसुत मालगुंडचे, आणि गणपतीपुळ्याला जाणारी हजारो माणसे हाकेच्या अंतरावरील मालगुंडात १९९४ साली उभे राहिलेले त्यांचे स्मारक न पाहताच परततात. पालगड साने गुरुजींचे, मुरूड महर्षी कर्व्यांचे, रत्नागिरीची टिळक आळी लोकमान्यांची. त्याच रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याने निर्वासनात आयुष्य कंठले आणि १९१६ साली देह ठेवला. आपल्या पेठेतील रस्त्यांना, सभागृहांना आणि पुतळ्यांना ज्यांची नावे आहेत, त्यांची गावे पाहत जाणे हा प्रवास किल्ल्यांच्या प्रवासाइतकाच भरघोस होतो.

याखेरीज कुलदैवतांचे सूत्र आहे, आणि अलीकडे कातळशिल्पांचेही. रत्नागिरी व राजापूर तालुक्यांच्या सड्यांवर उक्षी, जांभरूण, काशेळी, देवीहसोळ, बारसू अशा ठिकाणी प्राचीन मानवाने जांभ्यात कोरलेल्या आकृती आहेत, आणि २०२२ साली त्यांतील काहींची नोंद युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली. सड्यावर सावलीचे नाव नसते. तेथे सकाळी दहाच्या आत जाऊन यावे.

आता सर्व नियम लावून एक प्रत्यक्ष योजना मांडू. माणसांचे सूत्र मुख्य, आणि आजींचे व्याडेश्वर अपरिहार्य. पहिल्या दिवशी पहाटे दादर सोडून शिवडीहून अटल सेतूने पनवेलच्या बाजूस उतरावे, महाडला चवदार तळे पाहावे, मंडणगडच्या वाटेने आंबडवे करून सायंकाळी दापोली गाठावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दुपारी मुरूड, आणि संध्याकाळी हर्णैचे बंदर. हर्णैला मासळीचा लिलाव पाहणे हे स्वतंत्र कामच समजावे: दूर उभ्या असलेल्या मचव्यांतून माल किनाऱ्याला येतो, गुडघाभर पाण्यात बैलगाड्या शिरतात, ओल्या वाळूवर सुरमई-पापलेटचे ढीग पडतात, पुकारणाऱ्याचा आवाज चढत जातो, कोळणी डोळ्यांच्या इशाऱ्यावर भाव तोडतात, आणि या सगळ्या गलबल्याच्या पाठीशी सुवर्णदुर्गाचा तट काळवंडत असतो; किल्ल्यावर न उतरताही तो पाहिल्याचे समाधान येथे मिळते. तिसऱ्या दिवशी दाभोळची पहिली सोयीची फेरी घेऊन गुहागर, मग हेदवी, दुपारनंतर तवसाळची फेरी आणि दिवेलागणीपूर्वी मालगुंड, मुक्काम गणपतीपुळे. चौथ्या दिवशी पहाटेचे दर्शन उरकून आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याने रत्नागिरी, तेथे लोकमान्यांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर एवढी दोनच ठिकाणे, आणि भर दुपारी हातखंब्याला महामार्ग धरून परतीचा रस्ता. मध्येच कोणी थिबा राजवाड्याची गोष्ट काढली, तर ऐकून घ्यावी आणि गाडी चालूच ठेवावी.

या योजनेत काय गळाले तेही मोकळेपणाने पाहावे: जंजिरा, हरिहरेश्वर, वेळास, विजयदुर्ग, मालवण, आणि मामांचे पावस. त्यांतील वेळास ऋतूमुळे गेले, हरिहरेश्वर व जंजिरा यांना प्रत्येकी अर्धा दिवस परवडत नाही म्हणून, आणि पावस रत्नागिरीपासून जवळ असूनही शेवटच्या दिवशी महामार्गाच्या उलट दिशेला आहे म्हणून. मालवणचा तर या बेतात विचारच करू नये. त्याच्यासाठी निराळी तजवीज आहे: तुतारीने रात्रीतून कुडाळ गाठावे, तेथे भाड्याची मोटार घ्यावी, आणि सिंधुदुर्ग, तारकर्ली, कुणकेश्वर, विजयदुर्ग एवढाच टापू तीन दिवस फिरावा; म्हणजे मुंबईपासून मोटार हाकीत नेण्यात जाणारे दोन दिवस वाचतात, आणि मुलांची बुडी व वडिलांचा किल्ला हे दोन्ही एका मुक्कामावरून साधतात. याउलट ज्यांच्या हाती केवळ शनिवार-रविवार आहे, त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्याला जाणारी बोट धरावी आणि कुलाबा किल्ल्याच्या पलीकडे नजर टाकू नये.

निवडीचा हा पेच केवळ आपलाच आहे असे नाही. आयर्लंडने २०१४ साली आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील रस्ते एकत्र गुंफून डोनेगलपासून कॉर्कपर्यंत सुमारे २५०० किलोमीटरांचा 'वाइल्ड अटलांटिक वे' हा मोटारमार्ग जाहीर केला. आणि दूरदेशांतून आलेले प्रवासी आठवडाभरात तो सबंध पालथा घालण्याचे बेत आखतात. क्लिफ्स ऑफ मोहरचे दोनशे मीटरांहून उंच कडे, केरीचा वळसा, स्केलिग मायकल बेटावरील प्राचीन मठ, सारेच त्यांना हवे असते. तेथेही रस्ते अरुंद, तेथेही किनारा आत-बाहेर वळणारा, आणि स्केलिगची होडी उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत, तीही समुद्र शांत असेल तेव्हाच. परंतु त्या प्रवाशाची घाई क्षम्य आहे, कारण महासागर ओलांडून तो बहुधा एकदाच तेथे येतो. आज पाहिले नाही ते पुढे पाहावयास मिळेल याची त्याला शाश्वती नसते.

आपली स्थिती तशी नाही. दादरहून मध्यरात्री गाडीत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला मालवणात असतो. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात, या ना त्या निमित्ताने कोकणची वारी घडतच राहते. असे असता, पुन्हा कधी येणे होणार नाही अशा आवेशाने चार दिवसांत चौदा स्थळे उरकण्याचे आपल्याला कारण काय? गाळलेले स्थळ येथे हातचे जात नाही. ते पुढच्या खेपेच्या खाती जमा होते, आणि ऋतू, तिथी व सूत्र पाहून ते काढले, तर या खेपेपेक्षा अधिक चांगले दिसते. तेव्हा घरातल्या यादीवर रेघा ओढण्याचे काम निःसंकोचपणे करावे, काढलेल्या प्रत्येक नावापुढे त्याचा योग्य महिना लिहून ठेवावा, आणि मामांना सांगावे, की पावसला फाल्गुनात येतो, तेव्हा वेळासची कासवेही बघून होतील, तुम्हीही चला.